न्यूझीलंडला ‘प्रीमियम’ मोटरहोम घेताय? आधी रात्री कोण कुठे झोपणार ते ठरवा

प्रश्न असा आला आहे: “पुण्याहून आम्ही सहा जण दिवाळीच्या सुट्टीत न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला जातोय. आम्ही दोघं, मुलं ९ आणि ५ वर्षांची, आणि सासू-सासरे. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. बारा रात्री, ख्राइस्टचर्चहून सुरुवात आणि क्वीन्सटाउनला शेवट. एका कंपनीने सहा बर्थची ‘प्रीमियम’ मोटरहोम सुचवली आहे, दुसरीकडे तशीच पण जुनी गाडी बरीच स्वस्तात मिळतेय. जास्तीचे पैसे द्यावेत का? आणि निवडताना नेमकं काय बघायचं?”

ख्राइस्टचर्चच्या एका मोटरहोम डेपोत, म्हणजे पलंग, शेगडी, टॉयलेट असलेली ही चालती घरं भाड्याने देणाऱ्या आगारात, मी बरीच वर्षं गाड्या ताब्यात द्यायचं आणि परत घ्यायचं काम केलं. आता लोकांच्या सहली आखून देतो. त्यामुळे माझा अनुभव गाडी निघताना हसतमुख असलेल्या आणि परत येताना गप्प असलेल्या माणसांचा आहे. त्या गप्प बसण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक, रात्रीची झोप नीट झाली नाही. दोन, करारातली एखादी ओळ वाचली नव्हती आणि आता ती महागात पडली. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: हो, तुम्ही नवी, वरच्या दर्जाची गाडीच घ्या. पण टीव्ही, चामड्याच्या सीटा किंवा फोटोतली वाइनची बाटली बघून नको. आणि सहा बर्थ आहेत म्हणून सहाही जण तिच्यात झोपायचं, हा विचार आधी डोक्यातून काढा.

बर्थपासूनच सुरू करू. सहा बर्थच्या नेहमीच्या गाडीत तीन दुहेरी पलंग असतात. एक ड्रायव्हरच्या डोक्यावर, शिडीने चढून जायचा. एक अगदी मागे, जो दिवसा यू आकाराचा सोफा असतो. आणि तिसरा मधल्या जेवणाच्या टेबलाचा. हा तिसरा कसा तयार होतो ते एकदा डोळ्यांसमोर आणा. रात्री जेवणं झाली की टेबल पुसायचं, त्याचा पाय काढायचा, फळी खालच्या खाचेत बसवायची, पाठीच्या गाद्या उलटसुलट करून मधली फट बुजवायची, वर चादर. हे करताना बाकीचे पाच जण उभे कुठे राहणार? एक जण बाथरूममध्ये, दोघं वरच्या पलंगावर, उरलेले बाहेर, आणि नोव्हेंबरातही टेकापो तळ्याकाठी रात्री चांगलीच थंडी असते. सकाळी चहा हवा असेल तर हीच कसरत उलट क्रमाने. शिवाय रात्री कुणी बाथरूमला उठलं की या पलंगावरच्या माणसाच्या पायाशी खेटूनच जावं लागतं. सासरेबुवांना वरचा पलंग शिडीमुळे बाद, मधला बुटका आणि अरुंद म्हणून बाद, म्हणजे मागचा त्यांना. मग तुम्ही चौघं वर आणि मध्ये. एक रात्र मजा वाटेल, तिसऱ्या रात्रीपासून घरात धुसफूस सुरू होईल.

माझा सल्ला: गाडी सहा सीटबेल्टची घ्या, पण तिच्यात चौघंच झोपा. न्यूझीलंडच्या बहुतेक हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे मुक्कामाच्या तळांवर, गाडी लावायच्या जागांबरोबर छोट्या केबिनही भाड्याने मिळतात. सासू-सासऱ्यांसाठी केबिन घ्या आणि गाडी शक्य तितकी जवळची लावा. त्यांना सपाट जमिनीवरचा पक्का पलंग मिळतो, तुमचं जेवणाचं टेबल रात्रंदिवस टेबलच राहतं, मागचा पलंग उचलायची गरज पडत नाही. वर तुमच्यापैकी एक जण आणि नऊ वर्षांचं मूल, मागे दुसरा आणि धाकटं. केबिनचे पैसे जास्तीचे जातील, पण मी डेपोत बघितलेल्या तीन पिढ्यांच्या कुटुंबांपैकी खुशीत परतलेली बहुतेक याच पद्धतीने राहिलेली होती.

आता ‘प्रीमियम’ म्हणजे काय ते. या शब्दाला कायद्याने काहीही अर्थ नाही. न्यूझीलंडमध्ये माउई, ब्रिट्झ आणि मायटी ही तीन नावं एकाच टुरिझम होल्डिंग्ज कंपनीची आहेत, आणि २०२२ च्या अखेरीपासून अपोलोही त्यांच्याच घरात आली. गाडी साधारणपणे महागड्या नावाखाली नवी कोरी सुरू होते आणि वय वाढलं की स्वस्त नावाखाली भाड्याने जाते. यात फसवणूक काही नाही, धंद्याची उघड रीत आहे. विल्डरनेससारख्या काही कंपन्या लहान ताफा ठेवून वरच्या दर्जाच्याच गाड्या देतात. म्हणजे तुम्ही जास्तीचे पैसे मुख्यतः गाडीच्या वयासाठी देताय, हे लक्षात ठेवून बोला. कंपनीला पहिला प्रश्न लेखी विचारा: आमच्या तारखेला या वर्गातल्या गाडीचं जास्तीत जास्त वय किती असेल? ‘लेट मॉडेल’, म्हणजे अलीकडचं मॉडेल, हे उत्तर नव्हे. आकडा मागा.

दुसरा लेखी प्रश्न गाडीच्या आतल्या आराखड्याचा. बुकिंग बहुतेक वेळा वर्गाचं होतं, विशिष्ट गाडीचं नाही, आणि करारात ‘किंवा तत्सम’ असे शब्द असतात. फोटोत मागे सोफा असतो आणि हातात येते ती बंक बेडची गाडी. आतल्या मांडणीचा नकाशा ईमेलने मागवा आणि हाच आराखडा मिळेल का, ते विचारा. ‘मिळण्याची शक्यता आहे’ असं उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस सोबत असताना दाराच्या पायरीची उंचीसुद्धा महत्त्वाची. वरच्या दर्जाच्या गाड्यांना बहुधा बटणाने बाहेर येणारी पायरी असते. नसेल तर प्लॅस्टिकचं एक स्टूल तिथल्या दुकानात घ्या.

वयाचे पैसे का द्यायचे याचं खरं कारण म्हणजे हीटर, बॅटरी आणि पाण्याचा पंप. प्रवासात मोडतं ते हेच. गाडीचं इंजिन सहसा दगा देत नाही, कारण खाली मर्सिडीज स्प्रिंटर किंवा फियाट ड्युकाटोसारखा दणकट सांगाडा असतो. पण घराचा भाग, म्हणजे वरचं सगळं लाकूड, नळ, तारा, रोज शंभर-दोनशे किलोमीटर हादरे खातो. जुन्या गाडीत कपाटाचं दार वळणावर उघडून डबे खाली येतात, फ्रिज गॅसवर पेटत नाही. तुमच्या मोसमात हीटर सगळ्यात महत्त्वाचा. तो डिझेलवर किंवा गॅसवर चालणारा हवा, म्हणजे विजेची जोडणी नसतानाही चालेल. काही गाड्यांत गरम हवा फक्त बाहेरची वीज जोडल्यावरच मिळते. हे आधी विचारून घ्या.

विजेचं गणित पुष्कळांना गाडीत बसल्यावर कळतं. पार्कमधल्या खांबाला केबल लावली की २३० व्होल्ट मिळतात, मग मायक्रोवेव्ह, केटल, भिंतीतले सॉकेट, सगळं चालतं. केबल काढली की उरतात दिवे, पंप, यूएसबी आणि हीटरचा पंखा, तेही घरच्या बॅटरीवर. घरून इंडक्शन शेगडी नेऊ नका. गाडीतली गॅसची शेगडी पुरते. प्रेशर कुकर मात्र जरूर न्या, लहानसा. फक्त गाडीत फोडणी टाकताना छतावरची खिडकी आणि दार दोन्ही उघडी ठेवा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म बोंबलतो आणि शेजारचा जर्मन म्हातारा काळजीने बघायला येतो. सहा जणांचा स्वयंपाक पार्कच्या सामायिक किचनमध्ये करा. तिथे शेगड्या, सिंक, फ्रिज सगळं असतं, आणि गाडीच्या गाद्यांना हिंगाचा वास लागत नाही. तो लागला तर काही कंपन्या साफसफाईचे पैसे कापतात.

शौचालयाचं बोलायला लोक लाजतात, म्हणून मीच बोलतो. आतलं टॉयलेट कॅसेटचं असतं. सुमारे अठरा-वीस लिटरची एक टाकी, जी बाहेरच्या झडपेतून सुटकेससारखी ओढून काढायची, चाकांवर ढकलत डंप स्टेशनपर्यंत, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागेपर्यंत, न्यायची, नळी वळवून ओतायची, पाण्याने दोनदा खळखळून धुवायची, निळं किंवा हिरवं रसायन आणि थोडं पाणी घालून परत बसवायची. सहा माणसं वापरू लागली तर ती एका दिवसात भरते. पार्कमध्ये राहताना पार्कचंच वापरायचा नियम घरात केला तर कॅसेट रात्रीपुरती आणि वाटेतल्या अडीअडचणीपुरती राहते. ओतताना हवेचं बटण दाबायला विसरू नका. ते दाबलं नाही तर आतलं सगळं गचके खात येतं आणि बुटांवर उडतं. हे काम कुणाचं, ते पुण्यातच ठरवून निघा.

टॉयलेटचा कायद्याशीही संबंध आहे. पार्कबाहेर, मोकळ्या जागी फुकट मुक्काम करण्याला तिथे फ्रीडम कॅम्पिंग म्हणतात. २०११ च्या कायद्याने त्याला चौकट दिली आणि २०२३ च्या दुरुस्तीने ‘स्वयंपूर्ण’ गाडीत टॉयलेट कायमचं बसवलेलं असणं सक्तीचं केलं. पूर्वी सीटखाली ठेवलेली सुटी बादली चालायची, आता नाही. नव्या पद्धतीच्या प्रमाणपत्राचा रंग हिरवा आहे. प्रीमियम मोटरहोममध्ये टॉयलेट असतंच, तरी ताबा घेताना काचेवरचं कार्ड बघून घ्या. पण कार्ड असलं म्हणजे कुठेही थांबता येतं असं नाही. क्वीन्सटाउन परिसरात आणि तळ्यांच्या काठी बऱ्याच ठिकाणी मनाई आहे, आणि दंड शेकडो डॉलरचा होतो. तो तुमच्या क्रेडिट कार्डावरून थेट वळता होतो, वर कंपनीचा कागदपत्रांचा आकार. मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना फुकट मुक्कामाच्या नादाला लागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पार्कबाहेर राहायचंच तर फार तर एक रात्र, तीही पैसे भरून, माउंट कुकच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल या संवर्धन खात्याच्या तळावर. तिथे वीज नाही, केबिन नाही, पण दार उघडलं की समोर हिमनदीचा डोंगर. सासू-सासऱ्यांसकट जाताना त्याऐवजी ग्लेनटॅनर किंवा ट्वायझेल बरं. दोन्हीकडे केबिन मिळतात.

आता पैशांकडे येऊ. कोटेशनमध्ये जो दिवसाचा दर दिसतो त्यावर स्वस्त-महाग ठरवू नका. दोन्ही कंपन्यांचा एकूण खर्च एका कागदावर मांडा: भाडं, विमा, दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचे पैसे, बालसीट, अंथरूण-पांघरूण, खुर्च्या-टेबल, जादा ड्रायव्हर, गॅस, सार्वजनिक सुट्टीचा अधिभार. प्रीमियम कंपन्या यातलं बरंच भाड्यातच धरतात. स्वस्त गाडीत एकेक जोडत गेलं की फरक भराभर कमी होतो. मग डिझेल. सहा बर्थची गाडी शंभर किलोमीटरला १२ ते १४ लिटर पिते. पंपावर डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त दिसतं म्हणून खूश होऊ नका. तिथे पेट्रोलवरचा रस्ता-कर पंपावरच घेतात, डिझेल गाडीचा वेगळा, किलोमीटरवर. हलक्या डिझेल गाडीला सरकारी दर गेली काही वर्षं १,००० किलोमीटरला ७६ डॉलर आहे, आणि कंपनी तो परतीच्या वेळी वाचनानुसार लावते, बहुधा स्वतःचं थोडं जोडून. तुमचा रस्ता टेकापो, माउंट कुक, वानाका, क्वीन्सटाउन, मग ‘ते अनाउ’ (Te Anau) हे गाव असा धरला तर हजार ते सव्वा हजार किलोमीटर होईल. म्हणजे हा आकडा छातीत धडकी भरवणारा नाही, फक्त तो शेवटी अचानक पुढे येऊ नये.

विम्यावर मात्र एक संध्याकाळ खर्च करा. साध्या विम्यात अपघात झाला तर पहिले काही हजार डॉलर तुमचे. मोठ्या गाड्यांना ही रक्कम ५,००० ते ७,५०० न्यूझीलंड डॉलरच्या घरात असते आणि तेवढी अनामत तुमच्या क्रेडिट कार्डावर अडकवली जाते. काही कंपन्या नुसती अडकवत नाहीत, प्रत्यक्ष कापतात आणि सहल संपल्यावर परत करतात. मग जाता-येता दोन्हीकडचा विनिमय दर आणि तुमच्या बँकेचं परकीय चलनाचं शुल्क तुमच्या माथी. फॉरेक्स कार्ड अनामतीला बहुतेक ठिकाणी चालत नाही. दिवसाला थोडे जास्त पैसे भरून ही जबाबदारी शून्यावर आणता येते, आणि पहिल्यांदा सात मीटर लांबीची गाडी चालवणाऱ्याने ती आणावीच.

पण ‘शून्य’ म्हटलं तरी काही गोष्टी बाहेर राहतात, आणि माझ्या डेपोतली बरीच रडारड त्याच यादीतली होती. छताचं नुकसान. गाडीच्या पोटाखालचं नुकसान. दुसरी गाडी नसताना आपली आपणच उलटली तर. चुकीचं इंधन. मनाई असलेल्या रस्त्यावर काही झालं तर. प्रत्येक कंपनीची यादी वेगळी असते आणि प्रीमियमच्या पॅकेजमध्ये छत आणि पोट बहुधा धरलेलं असतं. हाच फरक जास्तीचे पैसे द्यायचं सगळ्यात चांगलं कारण आहे. एक कुटुंब परत आलं तेव्हा गाडीच्या छताचा पुढचा कोपरा डबा कापल्यासारखा उघडलेला होता. तीन मीटर वीस सेंटीमीटर उंच गाडी मोटेलच्या पोर्चखाली घातली होती, सामान उतरवताना पाऊस लागू नये म्हणून. माणसं सुखरूप, पण छत त्यांच्या विम्यात नव्हतं. ताबा घेतल्याबरोबर गाडीची उंची मोठ्या आकड्यात कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा.

चुकीच्या इंधनाचंही असंच. गाडीच्या अंगावर झाकणं दोन-तीन असतात: एक डिझेलचं, एक पिण्याच्या पाण्याचं. दमलेला माणूस पाण्याच्या टाकीत डिझेल ओततो किंवा उलट. विमा सहसा हे भरत नाही. पाणी भरणारा आणि डिझेल भरणारा माणूस एकच ठेवा आणि त्याच्याशी त्या वेळी कुणी बोलू नका.

मनाई असलेले रस्ते करारात नावानिशी असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यन आणि माउंट कुकचा बॉल हट रस्ता जवळपास सगळ्यांच्याच यादीत. वानाकाहून क्वीन्सटाउनला जाताना नकाशा तुम्हाला क्राउन रेंजचा रस्ता दाखवेल, अंतर कमी म्हणून. तो हजार मीटरहून उंच चढतो आणि क्वीन्सटाउनच्या बाजूला वळणावळणांनी उतरतो. काही कंपन्या मोठ्या गाड्यांना तिथे मनाई करतात. परवानगी असली तरी तुम्ही क्रॉमवेलवरूनच या. रस्ता लांब पण सपाट, वाटेत फळांची दुकानं आहेत आणि सासूबाईंना मळमळणार नाही.

मळमळीवरून आठवलं, बसायच्या जागा. सहा बर्थच्या गाडीत मागच्या चौघांपैकी दोघं बहुतेक वेळा उलट तोंड करून बसतात. वळणाच्या रस्त्यावर हे कुणालाही जड जातं. मुलांसाठीही जागा मोजूनच असतात. न्यूझीलंडमध्ये सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त बालसीट सक्तीची आहे, आणि मोटरहोमच्या प्रत्येक सीटला ती बसवता येत नाही. काही सीटांना नुसता कमरेचा पट्टा असतो. पाच वर्षांच्या मुलाची सीट नेमकी कुठल्या जागेवर बसेल, ते नकाशावर खूण करून कंपनीकडून मागवा. आणि गाडी चालू असताना मागे जाऊन चहा करणं, पलंगावर आडवं होणं, हे जाहिरातीत दिसतं तसं चालत नाही. सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं. दोन-तीन तास सलग तसं बसणं सासऱ्यांच्या गुडघ्याला कसं होईल, याचा विचार करा. पुढची शेजारची सीट त्यांना द्या. पाय लांब करता येतो आणि दृश्यंही सगळी तिथूनच दिसतात. मागच्या खिडक्या लहान असतात.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग सात सीटची कार आणि रोज मोटेल काय वाईट? काहीच वाईट नाही. बहुतेक वेळा स्वस्तही पडतं. मुलं नसती तर तुम्हाला मी तेच सुचवलं असतं. पण मुलांना मोटरहोमचं जे वेड लागतं ते मोटेलचं लागत नाही. आपलं सामान एकदा कपाटात लावलं की बॅगा उघडायच्या-भरायच्या नाहीत, तळ्याकाठी थांबून गरम वरण-भात खायचा, हे सुख खरं आहे. फक्त बाराच्या बारा रात्री त्यात काढू नका. पहिली रात्र ख्राइस्टचर्चला हॉटेलात, शेवटच्या दोन-तीन क्वीन्सटाउनला अपार्टमेंटमध्ये, मध्ये आठ-नऊ रात्री गाडी. क्वीन्सटाउनमध्ये एवढी मोठी गाडी पार्क करायला जागा शोधणं हा वैताग आहे, तिथे ती नसलेलीच बरी.

पहिल्या रात्रीचं विशेष सांगतो. मुंबईहून सिंगापूरमार्गे आलात तर रात्रभराचा प्रवास आणि घड्याळ साडेसात तास पुढे. अशा डोक्याने कधी न चालवलेली गाडी ताब्यात घेऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी झोप पूर्ण करून डेपोत जा. माहितीचा व्हिडिओ आदल्या रात्रीच सगळ्यांनी मिळून बघा. डेपोत घाई करू नका, तुमच्यामागे रांग असली तरी. माणसाला समोर उभं करून शेगडी पेटवायला सांगा, फ्रिज गॅसवर, हीटर पाच मिनिटं, गरम पाणी, पंप, कॅसेटची झडप, छत्रीसारखी बाहेर येणारी ऑनिंग. मग मोबाइलवर एक सलग व्हिडिओ: चारही बाजू, चारही चाकांच्या रिमा, पुढची काच, आरशांच्या कडा आणि छताचे कोपरे. आवाजात तारीख आणि किलोमीटर बोला. ऑनिंग उघडी असताना वाऱ्याकडे लक्ष द्या. ख्राइस्टचर्चच्या आसपासच्या कँटरबरी भागात वायव्येचा वारा सुटला की उघडी ऑनिंग मिनिटभरात चिंधी होते, आणि तीही पुष्कळ करारांत विम्याबाहेर असते.

चालवण्याचं फारसं भय बाळगू नका. डावीकडूनच चालवायचं असल्याने आपल्याला अर्धी लढाई तिथेच जिंकता येते. प्रीमियम गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक असतात. इंग्रजीत छापलेलं भारतीय लायसन्स चालतं, तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. काही कंपन्या तो मागतात. गाडीचं वजन साडेतीन टनांवर असेल तर वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर, इतरांना मोकळ्या रस्त्यावर १०० असली तरी. नकाशाने तीन तास सांगितले की चार धरा. मागे तीन-चार गाड्या साचल्या की डावीकडे जागा बघून थांबा आणि जाऊ द्या. तिथे हळू चालवणाऱ्या पर्यटकांची तक्रार लोक *५५५ वर फोन करून पोलिसांकडे खरंच करतात. एकेरी पुलांवर छोटा लाल बाण तुमच्या दिशेचा असेल तर थांबायचं तुम्ही. अंधार पडल्यावर चालवू नका, आणि तशी गरजही नाही. नोव्हेंबरात तिकडे साडेआठपर्यंत उजेड असतो.

मिलफर्ड साउंडला, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीला, मात्र स्वतः गाडी नेऊ नका. ते अनाउपासून एका बाजूला सुमारे १२० किलोमीटर, शेवटी सव्वा किलोमीटरचा उतरता होमर बोगदा, आणि त्या रस्त्यावर हिमकडे कोसळण्याचा मोसम नोव्हेंबरपर्यंत चालतो. चालवणाऱ्याला डोंगर दिसतच नाहीत, त्याला पुढची बस दिसते. गाडी ते अनाउच्या पार्कमध्ये लावा आणि सहाही जण कोचने जा. जाताना सँडफ्लायचं मलम घ्या. त्या माशा दिसतात चिलटाएवढ्या आणि चावतात पुण्याच्या डासांच्या तिप्पट.

तारखांचं एक. ऑक्टोबरचा चौथा सोमवार तिकडे लेबर डेची सुट्टी असते आणि त्या शनिवार-रविवारी हॉलिडे पार्क भरून जातात. दिवाळी त्याच्या आसपास आली तर ते तीन दिवस सगळ्यात आधी आरक्षित करा, विशेषतः केबिन. भाडं मात्र डिसेंबर-जानेवारीच्या मानाने बरंच कमी असतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात टेकापोच्या काठी लुपिनची जांभळी-गुलाबी फुलं सुरू होतात, सुट्टी तेवढी लांबवता आली तर बघा. खायचे पदार्थ नेताना विमानतळावर एकूण एक जाहीर करा. मसाले, चकली, चिवडा सगळं. न सांगता सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड आहे. मध अजिबात नेऊ नका.

शेवटी गाडी परत करणं. सगळ्याच कंपन्यांचा डेपो क्वीन्सटाउनला नसतो, तेव्हा बुक करतानाच बघा, आणि तो दुपारी किती वाजता बंद होतो तेही. कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करून, डिझेल भरून त्याची पावती घेऊन जा. तपासणीला अर्धा तास धरा आणि अनामत सोडल्याचा कागद हातात आल्याशिवाय टॅक्सी बोलावू नका.  माझ्या हिशेबात तुमच्या क्वीन्सटाउनच्या रात्री त्यानंतरच सुरू होतात.